वॅट नंतर, आधी खोली

माळ्यावरचा जुना स्टिरिओ खाली उतरला, की लगेच चर्चा सुरू होते: नवा, जास्त वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर कुठला घ्यायचा? माझं मत, इतक्यात कुठलाच नको. ५० वॅटचे १०० केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात! आपल्या खिशाला हे कसं परवडणार?

त्यापेक्षा कोपऱ्यात कोंबलेले स्पीकर भिंतीपासून दोनेक फूट पुढे घ्या. कोपऱ्यात खर्ज नुसता घुमतो. दोन स्पीकर आणि आपण असा समभुज त्रिकोण साधा. समोर सतरंजी अंथरा. मग सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा एखादा ख्याल लावा. मागचा तानपुरा स्वच्छ ऐकू आला, तर खर्च वाचलाच. नाही आला, तर आधी स्पीकर बदला, अ‍ॅम्प्लिफायर नंतर.