तहान न सांगणारे शरीर

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. आपली दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. म्हणजे त्या गाडीभर पाण्याइतका द्रव ती ८ वर्षांच्या आतच गाळतात! त्यातील दीड-दोन लिटरच मूत्ररूपाने बाहेर पडतो; उरलेला पुन्हा रक्तात शोषला जातो.

वार्धक्यात मात्र ही काटकसर मंदावते आणि मेंदूतील तहानेची जाणीवही क्षीण होते. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात आजोबा ‘तहान नाही’ म्हणत असतात आणि शरीर आतून कोरडे पडत असते. गडद लघवी, उठताना भोवळ, अचानक असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे होत. असे बोलणे ‘वयाचा परिणाम’ समजून सोडून देऊ नका. त्वरित डॉक्टरांना दाखवा.

तेव्हा ज्येष्ठांना ‘पाणी हवे का?’ असे विचारत बसू नका. ठरावीक वेळी पेला हाती द्या. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण मात्र आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.