उंबऱ्यापासूनचे तास

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आईला फोनवर हमखास ऐकायला मिळतं, "अगं, सोळा तासांचा तर प्रवास!" मुंबई ते न्यूयॉर्क साधारण साडेबारा हजार किलोमीटर, थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात, हे खरंच. पण सांगलीच्या बाईचा प्रवास मुंबईत सुरू होत नाही ना! रात्रभराची बस, विमानतळावर तीन तास आधी हजेरी, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग. दीड दिवस सहज जातो.

त्यात तिकीटही चकवतं. सुटायची वेळ मुंबईची, पोचायची तिथली. न्यूयॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणून रात्री एकला निघून त्याच दिवशी सकाळी पोचल्यासारखं दिसतं.

आमच्या वहिनी बारा तास जागच्या हलल्या नाहीत. का, तर शेजारच्याला उठवायचं कसं! पाय सुजून चपला चढेनात. मला वाटतं, मुलांनी आईला घराच्या उंबऱ्यापासूनचे तास सांगावेत. मुंबईत एक मुक्काम ठेवावा, सीट मधल्या वाटेकडची घ्यावी. आणि मैत्रिणींनो, गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. त्यात लाज कसली?