चिंता म्हणजे अविश्वास नव्हे

ख्रिस्ती श्रद्धेत मनःशांती हे देवाचे दान मानले जाते. या शिकवणीचा मोठा आधार पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. चिंता करत न बसता आपले मागणे आभारासह देवापुढे मांडावे, म्हणजे बुद्धीपलीकडची शांती मनाचे रक्षण करील, असा त्याचा आशय. हल्ली काही व्यासपीठांवरून या वचनाचा एक सोपा अर्थ ठासून सांगितला जातो. खऱ्या विश्वासणाऱ्याला चिंता शिवतच नाही. ज्याला शिवते त्याचा विश्वास कच्चा. रडणे हा कृतघ्नपणा आणि मनाच्या आजारावर गोळी घेणे म्हणजे देवावर भरवसा नसणे. हा अर्थ भक्तीचा वाटतो, पण तो शास्त्राला धरून नाही आणि आधीच खचलेल्या माणसाला आणखी खचवतो.

ज्याच्या नावावर हे सांगितले जाते त्या पौलाचीच पत्रे याच्या विरुद्ध साक्ष देतात. त्रोवस येथे सुवार्तेसाठी त्याला दार उघडले होते. पण त्याचा सहकारी तीत भेटला नाही म्हणून त्याच्या जिवाला चैन पडेना आणि तो ते काम सोडून मासेदोनियाला निघाला. तिथेही बाहेर भांडणे आणि आत भीती होती, असे तो स्वतःच करिंथकरांना कळवतो. त्याला धीर आला तो तीत येऊन भेटल्यावर, आणि त्या भेटीलाच तो देवाने दिलेले सांत्वन म्हणतो. फटके, तुरुंग, फुटलेली जहाजे हे सारे मोजून झाल्यावर सर्व मंडळ्यांची रोजची चिंताही तो त्यात जोडतो. ती पाप म्हणून कबूल करत नाही. फिलिप्पैकरांच्या पत्रातही तेच दिसते. मंडळीची मदत घेऊन एपफ्रदीत कैदेतल्या पौलाकडे आला आणि आजारी पडून मरणाच्या दारी पोचला. तो वाचला नसता तर दुःखावर दुःख कोसळले असते, असे पौल लिहितो. आपले दुःख हलके व्हावे म्हणून त्याला लवकर परत पाठवत असल्याचेही सांगतो. हे त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. चौथा अध्याय पाठ करून घेणाऱ्यांनी दुसरा वाचू नये, हे अक्षम्य आहे. पौलाच्या लेखी शांती मनावर पहारा देते, आणि पहारा लागतो तो धोका असतो तिथेच.

रडण्याविषयीचा आक्षेप स्तोत्रसंहितेपुढे टिकत नाही. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते. गेथशेमाने बागेत खुद्द येशूचा जीव कासावीस झाला होता.

औषधाविरुद्धचा युक्तिवाद फार जुना आहे. १७२२ मध्ये लंडनच्या एका व्यासपीठावरून देवीची टोचणी ही ईश्वरी इच्छेतली ढवळाढवळ ठरवली गेली. तो वाद टोचणीने केव्हाच जिंकला, पण युक्तिवाद मेला नाही. तो आता मनाच्या औषधांवर चालवला जातो. मिरजेला १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभारले ते श्रद्धेपोटीच. शरीरासाठी इस्पितळ बांधणाऱ्या परंपरेने मनाच्या दुखण्याला मात्र पाप म्हणावे, याला आधार नाही.

मग श्रद्धा शांती राखते ती कशी? प्रार्थनेत माणूस भीतीला नाव देऊन ती देवाच्या हवाली करतो. आभार मानताना जे अजून शाबूत आहे ते त्याच्या नजरेस येते. पौल हे एकट्यादुकट्याला सांगत नाही. फिलिप्पैकरांच्या पत्राच्या त्याच चौथ्या अध्यायाच्या आरंभी युवदीया आणि सुंतुखे या दोघींनी एकचित्त व्हावे अशी तो विनवणी करतो आणि इतरांनी त्यांना मदत करावी असे सांगतो. म्हणजे ही शांती मंडळीत, माणसांच्या आधाराने राखली जाते. खचलेल्याला आधार कसा द्यावा हे संदेष्टा एलीयाच्या गोष्टीत दिसते. तो मरण मागत रतामाच्या झुडपाखाली निजला तेव्हा देवदूताने त्याला जागे करून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू दाखवला. तो जेवला, पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवून खायला लावले. विश्वास कमी पडल्याचा ठपका तिथे कुठेच नाही.

छातीतल्या धडधडीने रात्री जागणारा माणूस पाळकाकडे आला तर त्याचा विश्वास तपासू नये. त्याचे ऐकावे, त्याच्यासोबत प्रार्थना करावी आणि गरज दिसली तर त्याला डॉक्टरांकडे घेऊन जावे.