आठवीनंतर मुलींनी काय खाऊन धावायचे?

ऑगस्ट 2020 मध्ये सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार 22 वर्षांनी आला होता, आणि तोही आमच्या धाराशिवमध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये. 2016 च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. मी तेव्हा पुण्यात घरून काम करत होतो. गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला, मीही दोन ओळी टाकल्या. मग त्यांनी माध्यमांना काय सांगितले ते वाचले आणि त्या दोन ओळींची लाज वाटली.

जवळपास दहा वर्षे त्यांना दिवसातून एकच वेळ जेवण मिळत होते. आई शिवणकाम करायची. शारीरिक अडचणींमुळे वडिलांची कमाई फारशी नव्हती. घर चालायचे ते आजी-आजोबांच्या कमाईवर. नीट सोय व्हायची ती शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावरच. ज्या 2016 मध्ये पदक मिळाले, त्याच वर्षी पैशाच्या ओढाताणीने खचून त्यांनी खेळ सोडायचे ठरवले आणि स्वतःला खोलीत कोंडून घेतले. आजीने ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजीत जाधव यांच्या कानावर घातली. त्यांनी समजूत काढली, म्हणून त्या मैदानावर परतल्या. पुढे सरकारी नोकरी लागली, तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाल्या, तेव्हा कुठे आर्थिक स्थैर्य आले.

आपण या कथेला जिद्दीची कथा म्हणतो. जिद्द होतीच. पण आजीने सांगितले नसते तर? सांगूनही कोणी आले नसते तर? अशा किती खोल्यांची दारे बंदच राहिली असतील?

त्यातले एक दार आमच्या घरातले आहे. माझी धाकटी बहीण शाळेच्या संघात संरक्षणाला उतरायची. खो-खोत तिघी पळतात आणि समोर नऊ जणींचा संघ असतो. बहीण हुलकावणी द्यायला लागली की मास्तरही घड्याळ बघायला विसरायचे. नववीत तिला मैदानावर दोनदा चक्कर आली. अम्मी म्हणाली, "बस झालं आता." अब्बा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. त्याच वर्षी माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी मोहल्ल्यातल्या चार जाणत्या माणसांनी वर्गणी काढली होती. माझे शिक्षण हा समाजाचा प्रश्न होता. बहिणीचा खेळ कोणाचाच प्रश्न नव्हता.

आता सरकारी व्यवस्था पाहा. शाळेतले दुपारचे जेवण पहिली ते आठवीपर्यंत मिळते. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते नाव कमावल्यानंतर. मधली वर्षे कोणाची? सारिकाताई मैदानावर आल्या त्या तेराव्या वर्षी. म्हणजे मुलगी घडायला लागते त्याच सुमाराला तिचे ताट काढून घेतले जाते. सॉफ्टवेअरमध्ये अशी चूक सापडली तर आम्ही वापरणाऱ्याला दोष देत नाही, रचना बदलतो.

म्हणून मागणी साधी आहे. नववी ते बारावीच्या ज्या मुली रोज सरावाला येतात, त्यांना शाळेतच सकस खाणे मिळावे. शासनाने हे करावे यासाठी निवेदने देऊच. पण तोवर आपण काय करणार? शिष्यवृत्त्या देणाऱ्या आपल्या संस्थांनी खेळणाऱ्या मुलींसाठी वेगळा हिस्सा का ठेवू नये?

काही जण कपड्यांचा प्रश्न काढतील. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने 2014 मध्येच डोके झाकून खेळायला मान्यता दिली. 2023 च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची बचावपटू नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली. कोणी काय घालावे हे त्या मुलीला ठरवू द्या. मात्र ज्या घरात पोटभर जेवण नाही, तिथे कपड्यांची चर्चा आधी करणे मला पटत नाही.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत भारतीय महिलांनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. म्हणजे आपल्या मातीत गुणवत्ता आहे, हे आता नव्याने सिद्ध करायला नको.

आम्ही काही मित्रांनी येत्या जूनपासून आमच्या जुन्या शाळेतल्या दहा मुलींच्या दूध-अंड्यांचा खर्च उचलायचे ठरवले आहे. बहिणीला फोनवर सांगितले. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भाईजान, दुपारी देऊ नका. सराव सकाळी सहाला असतो. साडेसातला द्या, तेव्हाच चक्कर येते."

वेळ आम्ही बदलली आहे. आपल्या गावातल्या शाळेत सराव किती वाजता सुटतो, एवढे तरी आपण विचारून यावे.