बांधावरची बाभूळ आणि मिश्रीची डबी

आज पिकाचं नाही, हिरड्यांचं बोलू.

बांधावरची बाभूळ तोडायला माणूस सांगितला होता. तिच्या सावलीत कपाशीच्या दोन ओळी दरवर्षी मार खातात. पण आई आडवी आली. "माझं औषध तोडतोस व्हय?"

आईच्या हिरड्यांतून रक्त यायचं. वीस-पंचवीस वर्षांची मिश्री. दुखलं की अजून मिश्री, कारण तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, औषध नव्हे. तिनं हिरड्या मागे सरकतात, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. शेवटी तालुक्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दातांवरचं किटण काढलं, मिश्री बंद करायला लावली. घरी आईनं बाभळीच्या सालीच्या काढ्यानं गुळण्या सुरू केल्या. रक्त थांबलं.

आई म्हणते, गुण बाभळीचा. मी म्हणतो, एकाच दिवशी तीन फवारे मारले आणि अळी गेली, तर गुण कुठल्या औषधाचा सांगणार?

तरी बाभूळ खोटी नाही. सालीत टॅनिन असतं. त्यानंच ती तुरट लागते, चामडं कमवायलाही तीच वापरतात. त्या तुरटपणानं हिरड्या आवळल्यासारख्या होतात, तोंडाला बरं वाटतं. पण दगडासारखं घट्ट बसलेलं किटण काढ्यानं निघत नाही. म्हणून माझं मत: बाभूळ सोबतीला ठेवा, डॉक्टरच्या जागी नको. रक्त थांबत नसेल, दात हलत असतील, तर दवाखाना गाठा आणि साखरही तपासा.

आता शेतकऱ्याच्या कामाचं. दातण किंवा साल घ्यायची ती फवारणीच्या पिकालगतच्या झाडाची नको. कपाशीवरचं औषध वाऱ्यानं बांधावरही जातं. वेडी बाभूळ वेगळी, ती घेऊ नका. खोडाची साल गोल सोलली तर झाड वाळतं. छाटलेल्या फांदीचीच घ्या. मूठभर साल दोन पेले पाण्यात उकळून निम्मं करा, गाळून कोमट झालं की गुळण्या करा. गिळू नका.

बाभूळ ठेवली. कपाशीकडच्या फांद्या तेवढ्या छाटल्या. मिश्रीची डबी उकिरड्यावर गेली.

तुमच्या घरात अजून डबी आहे का? आज आईला, मावशीला विचारा.