पुळणीवरचे ठिपकेदार पाखरू



मागे सिंधुदुर्गात गेलो होतो. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर मर्यादवेलीच्या जोडीने खुळखुळा पिवळ्याधमक फुलांनी डवरला होता. पाऊल टाकले की पांढरी पाखरे भुर्रकन उडत आणि चार हातांवर पुन्हा बसत. पंखांवर काळे-तांबडे ठिपके, जणू कुंकवाची बोटे उमटलेली! भर दुपारी उडतात म्हणून फुलपाखरे वाटतात, पण आहेत पतंग. शास्त्रीय नाव युटेथिसा.

बरोबरच्या शेतकऱ्याने विचारले, "साहेब, आमच्या तागाची शेंग पोखरणारी अळी हीच का?" हीच. ताग आणि खुळखुळा सख्खे भाऊ. अळी केसाळ, काळपट, अंगावर पांढऱ्या रेघा नि नारिंगी पट्टे. कोवळी शेंग भोकसून आतले दाणे खाते. ताग हिरवळीच्या खतासाठी असेल तर औषधावर पैसा घालवू नका. फुलावर येताच गाडायचाच आहे. बियाण्यासाठी ठेवला असेल तर मात्र सकाळी अळ्या वेचा.

आता खरी गोष्ट. खुळखुळ्यात विष असते. अळी ते पचवून अंगात साठवते, म्हणून पाखरे तिच्या वाटेला जात नाहीत. असला भडक पोशाख करून दिवसाढवळ्या हिंडायची हिंमत त्यातूनच येते. माणसाला आणि गुरांना मात्र ते पचत नाही.

सरगुजा जिल्ह्यात (तेव्हा मध्य प्रदेश, आता छत्तीसगड) १९७०च्या दशकात आदिवासी कुटुंबांत पोटात पाणी होण्याची साथ आली. ६७ रोगी, त्यांतले २८ दगावले. खाण्यातल्या गोंदलीत, म्हणजे आपल्या वरीत, रानखुळखुळ्याचे बी मिसळले होते. त्या विषाने यकृतातल्या बारीक शिरा बंद पडल्या. ती माणसे धान्य शिजवूनच खात होती, हे ध्यानात घ्या.

म्हणून वरी-नाचणीच्या शेतात खुळखुळा दिसला की शेंगा वाळण्याआधी मुळासकट उपटा. एकदा बी खळ्यात आले की बारीक दाण्यांतून निवडणे जिकिरीचे. माउल्यांनो, तरीही सुपात चपटे, चकचकीत, किंचित वाकडे बी आढळले तर ते धान्य दळू नका, आधी नीट निवडा. निवडलेले कोंबड्यांपुढेही टाकू नका, चुलीत घाला.

पुळणीवरचा खुळखुळा मात्र राहू द्या. तिथे तो वाळू धरतो, आणि त्या पाखरांचे घरही तेच.