टेप भंगारात देण्याआधी

दिवाळीची साफसफाई निघाली की एका वस्तूवरून घरोघरी वाद ठरलेला. ती वस्तू म्हणजे जुना टेप. कुणी त्याला डेक म्हणतं, कुणी टेपरेकॉर्डर, आणि पुण्या-मुंबईची सून असली तर ती म्युझिक सिस्टिम म्हणते. दोन बाजूला दोन स्पीकरचे बॉक्स, मधे डबल कॅसेटचं मशीन, वर क्रोशाचा रुमाल. गेली कित्येक वर्षं तो वाजत नाही. पोरगा म्हणतो, "आई, देऊन टाक ना, सगळं फोनवर मिळतंय की आता." घरातले मोठे म्हणतात, "असू दे, बघू कधीतरी." पण तो उचलून दुरुस्तीला न्यायला दोघांपैकी कुणीच तयार नसतं! मग टेप माळ्यावर जातो आणि एक दिवस किलोच्या भावाने भंगारवाल्याच्या गाड्यावर.

बायांनो, मला वाटतं या वादात प्रश्नच चुकीचा विचारला जातो. दुरुस्तीला किती लागतील आणि नवा कितीला येईल, एवढाच हिशोब मांडला जातो. त्याआधी एक करावं. कॅसेटची ती पेटी किंवा बुटाचं खोकं खाली काढावं, आणि कॅसेटचे दोन ढीग करावेत.

पहिला ढीग बाजारातून विकत आणलेल्या कॅसेटचा. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ, प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं, सिनेमाची गाणी. हे सगळं आज खरंच फोनवर मिळतं. पोराचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे. नुसत्या या ढिगासाठी दुरुस्तीचा खटाटोप करायची गरज नाही.

दुसरा ढीग छोटा असतो. कोऱ्या आणून आपण घरी भरलेल्या कॅसेट. कुणाच्या लग्नातली मंगलाष्टकं, आजीने जात्यावर म्हणलेल्या ओव्या, लेकराचे बोबडे बोल, वडिलांनी पोथी वाचताना सहज दाबून ठेवलेलं बटण. ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्यासारख्या घरात आवाज साठवून ठेवायचं तेवढंच एक साधन होतं. गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर असतो, त्याला हार असतो. आवाज मात्र त्या एका खोक्यात असतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. दुसऱ्या ढिगात एक जरी कॅसेट निघाली, तरी माझं मत सरळ आहे: टेप दुरुस्त करायचा. निदान एकदा तरी.

कुणाला हे हळवेपणाचं वाटेल. पण आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण बघा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त! १९९६ साली माजलगावच्या भीमनगरमध्ये बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्यांचं असंच ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर या संग्रहातल्या ओव्या क्रमाने येऊ लागल्या. आज त्या कुणालाही ऐकता येतात. त्या माजलगावच्या बाया काही मोठ्या गायिका नव्हत्या. तुमच्या-माझ्या आजीसारख्याच होत्या. फरक इतकाच, की तो आवाज कुणीतरी टेपवर घेतला आणि टेप जपली. तुमच्या आजीची ओवी तुम्हीच घेतलेली आहे. ती जपायला पुण्याहून कोण येणार?

आता दुरुस्तीचं. बंद पडलेला टेप म्हणजे मेलेला टेप, असं आपण उगीच धरून चालतो. बहुतेक वेळा रोग साधा असतो. आत रबराचे बारीक पट्टे असतात, त्यावर कॅसेट फिरते. आपल्याकडचा उन्हाळा आणि इतकी वर्षं पडून राहणं, यात ते पट्टे कडक होतात, ढिले पडतात नाहीतर चक्क चिकट डांबरासारखे होतात. मग गाणं रडवेलं, संथ येतं किंवा फिरतच नाही. आवाज दबका येत असेल तर हेडवर धूळ बसलेली असते, ती स्पिरिटच्या बोळ्याने निघते. बटण फिरवताना खरखर होते, ते आवाजाचं बटण आतून खराब झालेलं. आणि अजिबात लाइटच लागत नसेल तर आधी फ्यूज बघावा. लोडशेडिंगच्या दिवसांत वीज यायची ती एकदम जोरात, तेव्हा किती फ्यूज उडाले असतील त्याला गणती नाही.

माझ्या घरचा टेप गावातल्या एका मोठ्या दुकानात दाखवला, तेव्हा त्यांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. "मॅडम, ह्याचे पार्ट येत नाहीत, नवीन दाखवू का?" मग बसस्टँडमागच्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेला. त्याने तिथल्या तिथे स्क्रू काढले, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "मावशी, पट्टा गेलाय नुसता. बाकी मशीन ढाण्या वाघ आहे." पट्टे, सफाई, हात-मजुरी मिळून साडेतीनशे रुपये झाले. दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याला नवा विकायचा होता, याला जुना चालवायचा होता. विचारायचं कुणाला, हे आधी ठरवावं.

सगळेच टेप दुरुस्त करावेत असं मात्र नाही हं. सीडीचं यंत्र असेल आणि त्याची लेन्स गेली असेल, तर जोडीची लेन्स शोधण्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातं. ट्रान्सफॉर्मर जळला असेल, आवाज वाढवणारी मुख्य आयसी उडाली असेल आणि तसली मिळत नसेल, तर मिस्त्री स्वतःच हात जोडतो. स्पीकरच्या कडेचा फोम झडून गेला असेल तर तो बदलता येतो, पण सगळीकडे करून मिळत नाही. अशा वेळी हट्ट करू नये. ओळखीत, शेजारीपाजारी कुणाकडे चालता टेप असतोच. दोन दिवस मागून आणावा, आपल्या कॅसेट तेवढ्या उतरवून घ्याव्यात, आणि आपला जाऊ द्यावा.

"पण नवा स्पीकर किती छान वाजतो!" वाजतो की. छोटा असतो, कुठेही नेता येतो. मी त्याच्या विरोधात नाही. एक गोष्ट मात्र करून बघा. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर, त्यांचा पखवाज आधी फोनवर ऐका, मग जुन्या मोठ्या बॉक्सवर. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात, त्यातून तो खोल, भरदार नाद निघतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो निघूच शकत नाही, नुसती टकटक ऐकू येते. खोल नादाला हवा हलवावी लागते, आणि त्यासाठी मोठा पडदा लागतो. जुन्या टेपचा कॅसेटचा भाग गेला तरी स्पीकर आणि आवाज वाढवणारा भाग ठणठणीत असतो. मागे वायर जोडायची जागा असेल, तर थोडक्या पैशात एक ब्लूटूथची डबी तिथे लावून मिळते. मग पोराचा फोनही त्याच बॉक्सवर वाजतो. भांडणच मिटलं!

(जुन्या डब्यांवर पाच-पाच हजार वॅट पीएमपीओ असं लिहिलेलं असायचं, आठवतं? त्या आकड्यावर जाऊ नका. तो विकणाऱ्याचा आकडा होता. घरातला बल्ब आठवा आणि तुम्हीच विचार करा. खरा मोठा आवाज ऐकायचा तर सीझनमध्ये उसाचा ट्रॅक्टर दारावरून जाऊ द्यावा.)

अजून एक गोष्ट आहे, ती या हिशोबात कुणीच धरत नाही. फोन कुणाचा असतो? ज्याचा त्याचा. घरात चार फोन असले तरी घरातल्या बाईच्या वाट्याला येतो तो जुना, तडा गेलेला, ज्याचा रिचार्ज दुसरं कुणीतरी मारतं. गाणं लावावं तर मधेच फोन येतो, नाहीतर कुणीतरी हातातून घेऊन जातं. टेपचं तसं नव्हतं. तो फळीवर असायचा. पिठाच्या हाताने, कोपराने बटण दाबलं की सुरू. सकाळची भाकरी, दुपारचं निवडणं-टिपणं त्याच्या सोबतीनं व्हायचं. रेडिओ त्यातच असायचा, आकाशवाणीच्या बातम्या त्यावरच. कितीजणींच्या लग्नात माहेरच्यांनी ऐपत नसताना तो आहेरात दिलेला आहे. मग तो ठेवायचा की द्यायचा, हे ठरवताना निदान जिने तो रोज वापरला तिला तरी विचारा! आणि तिला नको असेल, पुसून पुसून कंटाळा आला असेल, तर तेही ऐका. तिने ठेवायलाच पाहिजे असं कुठे आहे?

पार्ट मिळत नाहीत ही तक्रार मात्र खरी आहे. त्या काळातल्या कितीतरी कंपन्यांचं नावच उरलं नाही. ज्या व्हिडिओकॉनचा कारखाना आपल्याजवळ, पैठण रस्त्यावर चितेगावला, ती २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी पोर्टल काढलं. शेतीची यंत्रं, मोबाइल, घरातली उपकरणं, गाड्या यांच्या कंपन्यांनी पार्ट आणि दुरुस्तीची माहिती द्यावी, असा त्यामागचा हेतू. चांगलंच आहे. पण पंचवीस वर्षांच्या टेपला त्याचा काय उपयोग? तिथे मिस्त्रीच लागतो, आणि तो म्हातारा होत चाललाय. त्याच्या पोराने शेजारी मोबाइलचं दुकान टाकलंय. उद्या करू म्हणून टेप ठेवला, तर पट्टा मिळेल, पण घालणारा मिळणार नाही.

भंगारात दिला की पीडा टळली, असंही नाही. भंगारवाल्याला तांबं पाहिजे असतं. ते काढायला बऱ्याचदा वायरी जाळतात, तो काळा धूर आपल्याच गावात राहतो. आतल्या जुन्या डाखात शिसं असतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत, कंपन्यांवर जबाबदारी आहे. आपल्या गल्लीत येतो तो मात्र अजून भंगारवालाच.

टेप चालू झाला की घाई करू नका. आजीची कॅसेट सगळ्यात आधी लावायची नाही! आधी सिनेमाची एखादी लावावी, पूर्ण फिरू द्यावी. मशीनने टेप ओढून गुंडाळली तरी नुकसान गाण्याचं होईल, आजीचं नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ असते, ती लवकर अडकते, तिला जास्त जपावं. कॅसेटच्या पाठीवर दोन छोट्या प्लास्टिकच्या टिकल्या असतात, त्या मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. मग टेपच्या हेडफोनच्या जागेतून वायर काढून कॉम्प्युटरला जोडायची. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कॉम्प्युटर क्लासच्या कुठल्याही पोराला जमतं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतातच, त्यात झटपट काही नाही. दोन पेनड्राइव्हवर घ्या, एक आपल्याकडे, एक बहिणीकडे.

आणि प्रत्येक आवाजापुढे नाव लिहा, साल लिहा. मधेच खोकणारं ते कोण, मागे हसतंय ते कोण, हे सांगू शकेल असं एखादं माणूस घरात अजून असेल, तर त्याला शेजारी बसवूनच कॅसेट लावा.